चालू आणि दुरुस्त

मराठीत ‘चालू’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दुसरा फारसा चांगला नाही. पंखा चालू असतो, दुकान चालू असतं. पण माणूस चालू आहे म्हटलं की आपण व्यवहार जपून करतो. ‘दुरुस्त’ या शब्दाच्या वाट्याला अशी बदनामी आलेली नाही. तो फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ योग्य, बरोबर, धड असा. आपल्याकडे येऊन तो रेडिओ, पंप आणि सायकलच्या दुकानांच्या पाट्यांवर बसला. ‘येथे सर्व प्रकारचे मोबाइल दुरुस्त करून मिळतील’ अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. ‘चालू करून मिळतील’ अशी पाटी मी तरी पाहिलेली नाही. गंमत अशी की त्या पाटीखाली उभं राहून गिऱ्हाईक बहुतेक वेळा तेच मागतं: जास्त काही करू नका भाऊ, फक्त चालू करून द्या.

हे मागणं चुकीचं आहे का? आणि ते पुरं करणारा माणूस काही वाईट करतो का? प्रश्न किरकोळ वाटतो. गाडीतल्या एका अ‍ॅम्प्लिफायरमुळे तो माझ्या डोक्यात बरेच दिवस मुक्कामाला होता.

मी अर्जुनी मोरगावला राहते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत, एक आमची आणि एक सडक अर्जुनी, आणि ऑनलाइन मागवलेला माल त्यातल्या कुठल्या अर्जुनीला जाणार हे तो हातात पडेपर्यंत कळत नाही. घराच्या मागच्या पडवीत माझं एक टेबल आहे. त्यावर २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर, जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला पॉवर सप्लाय, आणि बिस्किटांच्या डब्यांत सुटे पार्ट. हा माझा धंदा नाही. नात्यातले, शेजारपाजारचे लोक चार्जर, इमर्जन्सी लाइट, टेबलफॅन आणून देतात आणि मी उघडून बघते. आईच्या मते हा घरात कचरा जमवायचा एक प्रकार आहे.

भाऊबीजेला मामेभाऊ आला तो अ‍ॅम्प्लिफायर काखेत घेऊनच. सीटखाली बसवतात तसला, चार चॅनेलचा, चपटा आणि जड. त्याची एक जुनी सात सीटची गाडी आहे, ती भाड्याने चालते. लग्नसराईत वऱ्हाड, एरवी ब्रह्मपुरीच्या नाहीतर गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट. आणि भाऊबीजेपासून आमच्याकडे मंडईचे दिवस लागतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. वडशाहून नाटक कंपन्या येतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. लेकीजावई, पाहुणे, मित्र गाड्या भरभरून या गावाहून त्या गावाला जातात. अशा दिवसांत गाडीत गाणं नाही म्हणजे माझ्या भावाच्या हिशेबात गाडीच बंद.

“ताई, लाल लाइट लागते अन् आवाज येत नाही,” तो म्हणाला. “मोबाइलवर पाहिलं मी. प्रोटेक्टची पिन तोडली का चालू होते म्हणते. तेवढी तोडून दे. अन् फ्यूज सारखा उडत होता, तिथं मी तारच टाकली आहे.”

ही ‘प्रोटेक्ट’ची भानगड आधी सांगायला हवी, कारण सगळा वाद तिच्यावरच आहे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तेवढ्यावर मोठा आवाज निघत नाही, म्हणून अ‍ॅम्पचा पहिला अर्धा भाग त्याचे अधिक ३० आणि उणे ३० व्होल्ट करतो (आकडा मॉडेलप्रमाणे कमीजास्त). दुसरा अर्धा भाग त्यातून गाण्याबरहुकूम स्पीकरला वीज देतो. स्पीकरला हवी असते ती सतत पुढेमागे होणारी वीज. तिच्याबरोबर त्याचा कागदी कोन पुढेमागे हलतो आणि तो आपल्याला ऐकू येतो. आउटपुटचा एखादा ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला, की गाण्याऐवजी सरळ ३० व्होल्ट स्पीकरवर येऊन बसतात आणि तिथून हलत नाहीत. ४ ओमच्या स्पीकरमधून मग साधारण साडेसात अ‍ॅम्पिअर वाहायला लागतात. गुणाकार केला तर २२५ वॅट. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे. कोनाला चिकटलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात अशी नऊ आयर्न एकाच वेळी तापत ठेवली आहेत असं समजा. आणि आवाज शून्य. गाडीतल्या माणसाला वाटतं अ‍ॅम्प बंद आहे. आधी वास येतो, मग धूर, आणि नशीब फारच खराब असलं तर सीटच्या कापडापर्यंत आग.

हे होऊ नये म्हणून आत एक छोटं सर्किट पहाऱ्यावर असतं. आउटपुटवर नको ती वीज दिसली, करंट हाताबाहेर गेला, अंग फार तापलं, की ते पॉवर सप्लाय थांबवतं आणि लाल दिवा लावतं. म्हणजे लाल दिवा लागलेला अ‍ॅम्प हा नेमकं काम करत असलेला अ‍ॅम्प आहे. त्याने नाही म्हटलेलं आहे. पिन तोडायची म्हणजे त्याची ‘नाही’ म्हणायची सोय काढून टाकायची.

भावाला हे सांगितलं. त्याचं उत्तर तयार होतं: “मंग तुला काय माहीत, आतून चांगलाच असन अन् उगाच नाही म्हणत असन?”

हे खरंच होऊ शकतं. पहारेकरीसुद्धा बिघडतो, आणि ओल खाल्लेल्या बोर्डावर तो उगाच ओरडतो. म्हणून आधी तपासायचं. स्पीकरच्या आणि सिग्नलच्या सगळ्या तारा काढून नुसती वीज दिली. अशाने लाल दिवा गेला असता तर दोष गाडीतल्या तारांचा किंवा स्पीकरचा ठरला असता, आणि पुष्कळदा तो तिथेच असतो. सीटच्या पट्टीखाली चिरडलेली एक तार पत्र्याला टेकलेली असते. दिवा गेला नाही. मग कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायची पिवळी तार, म्हणजे १२ व्होल्ट, आणि तिच्या वाटेत गाडीच्या ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब. ही युक्ती मला फार आवडते. आत शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि पावणेदोन अ‍ॅम्पिअरच्या वर काही जाऊच देत नाही. काही जळत नाही, फुटत नाही. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. अ‍ॅम्पने आत काहीतरी पाहून स्वतःला थांबवलं होतं.

उघडल्यावर मल्टिमीटरने सांगितलं: चौथ्या चॅनेलचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट, शेजारचा पांढरा रेझिस्टर उघडा पडलेला. पहारेकरी शुद्धीवर होता.

पण ट्रान्झिस्टर गेले का? हा प्रश्न न विचारता नवे लावून देणं हेही माझ्या मते ‘चालू करणं’च आहे, जरा महागातलं. विचारपूस केल्यावर कळलं की उन्हाळ्यात त्याने नवा बास स्पीकर बसवला होता. त्याला दोन वेटोळी, प्रत्येक ४ ओमचं, दोन्ही समांतर जोडलेली. म्हणजे २ ओम. आणि तो तिसऱ्या-चौथ्या चॅनेलवर ब्रिज करून लावलेला. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला त्या भाराचा निम्माच भाग दिसतो, म्हणजे इथे १ ओम. अ‍ॅम्पच्या झाकणावर इंग्रजीत लिहिलेलं होतं की ब्रिज असेल तर ४ ओमच्या खाली जाऊ नये. फ्यूज त्यामुळेच उडत होता. तो उडून उडून हेच सांगत होता आणि शेवटी त्याच्या जागी तार टाकून त्याचं तोंड बंद करण्यात आलं. मग पाळी ट्रान्झिस्टरची.

फ्यूजबद्दल थोडं जास्त बोलते, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांचा एक गोड गैरसमज असतो. लोकांना वाटतं फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज मुख्यतः तारेला वाचवतो. स्टार्टर मारताना गाडीची बॅटरी सहज शंभरावर अ‍ॅम्पिअर देते. शॉर्ट सर्किटमध्ये ती त्याहून कितीतरी जास्त देईल. अ‍ॅम्पकडे जाणारी तार मात्र ३० अ‍ॅम्पिअरच्या आसपासची. ती बॉनेटमधून निघते, पत्र्याच्या भोकातून आत येते, गालिच्याखालून सीटपर्यंत जाते. वाटेत कुठेही तिचं आवरण सोललं गेलं आणि ती पत्र्याला टेकली, तर फ्यूज नसताना आख्खी तार म्हणजे गालिच्याखाली ठेवलेली शेगडीची कॉइल. आणि आवरण सोलायला आमच्याकडे अपघात लागत नाही. धान घरात आलं की त्याच्यामागून उंदीर येतात, अन् अंगणात उभ्या गाडीच्या तारा त्यांना धानाइतक्याच आवडतात. हिरवा ३० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज दहा-वीस रुपयांना मिळतो. त्याच्यात एक पातळ पट्टी असते, तिचं एकच काम: वेळ आली की सगळ्यांच्या आधी वितळणं.

आता भावाची बाजू. ती मी इथे पूर्ण मांडणार आहे, कारण ती मला सहज खोडता आली नाही.

एक, तो म्हणाला, पार्ट अर्जुनीत मिळत नाहीत, गोंदियाला गेलं तर दिवस मोडतो, ऑनलाइन आठवडा लागतो आणि मंडई परवा आहे. सावकाश, नीट, मूळ कारणापर्यंत जाणं हे ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे त्याचं काम. बाकीच्यांनी चालू करायचं आणि पुढे जायचं. दोन, इथे लोक जीपच्या टपावर बसून मंडईला जातात, एका मोटरसायकलवर चौघं जातात, आणि तू दहा रुपयाच्या फ्यूजवर अडून बसली. तीन, तू नाही केलं तर वडशाला एक पोऱ्या आहे, तो पाच मिनिटांत करून देते.

पहिल्या मुद्द्यात खूप तथ्य आहे. शहरात बसून ‘जुगाड’वर नाक मुरडणं सोपं आहे. इटियाडोहच्या कालव्यावरचे पंप, राइस मिलचे पट्टे, मळणीयंत्रं यांतलं किती तरी वर्षानुवर्षं अशा तात्पुरत्या इलाजांवर चालतं आणि त्यामुळे माणसं जेवतात. शिवाय मीही ब्रेक लाइटचा बल्ब वापरूनच तपासणी केली. हजारो रुपयांचा करंट मर्यादेत ठेवणारा सप्लाय माझ्याकडे नाही. मग बल्ब चालतो आणि फ्यूजमधली तार चालत नाही, हा भेद कशाचा?

रॉबर्ट पर्सिगच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ या १९७४ सालच्या पुस्तकात याच्याशी जुळणारा एक प्रसंग आहे. सोबतच्या मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलचं हँडल सैल झालेलं असतं. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी आत सरकवली की घट्ट बसेल. मित्राला तो अपमान वाटतो. एवढ्या भारी गाडीला बिअरचा डबा! पण तो पत्रा मऊ, न गंजणारा, हवा तेवढाच पातळ असतो. त्या जागेचं काम तो उत्तम करणार असतो. मित्र वस्तूची इभ्रत बघत असतो आणि निवेदक तिचं काम. त्या प्रसंगाकडे बघून मला वाटतं, जुगाड वाईट की चांगला हे सामान स्वस्त आहे का महाग यावर ठरत नाही. ज्या भागाच्या जागी तुम्ही काही घालताय त्या भागाचं काम नवी वस्तू करते का, एवढंच बघायचं. बल्ब करंट अडवतो, म्हणून तो पहारेकऱ्याच्या जागी शोभतो. तार वीज नेते, उत्तमच नेते. पण फ्यूजचं काम वीज नेणं हे नव्हतंच. त्याचं काम वेळेवर मोडणं होतं.

तेव्हा गरिबीचा मुद्दा मला इतकाच मान्य आहे की तात्पुरता इलाज करायला हरकत नाही. पण फ्यूजमधली तार तात्पुरती आहे असं तिला बघून कुणाला कळतं? ती कायमची होते, कारण ती त्रास देत नाही. त्रास देणारी वस्तू आपण दुरुस्त करतो, गप्प बसलेली विसरतो.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा. टपावर बसलेल्या माणसाच्या देशात फ्यूजची चिंता म्हणजे चैन, असंच तो म्हणत होता. यावर मी खूप विचार केला. टपावर बसलेला माणूस टपावर बसलाय हे त्याला दिसतं. त्याच्यापुढे पर्याय कमी आहेत, बस वेळेवर नाही, कधी कधी बसच नाही. तरी तो हात घट्ट धरतो, फांदी आली की वाकतो, आणि वाटलं तर ‘मी मागून येतो’ म्हणून खाली राहतो. भावाच्या गाडीत ब्रह्मपुरीला दवाखान्यात निघालेली बाई मधल्या सीटवर बसते. तिच्या पायाखालच्या गालिच्यात काय आहे हे तिला माहीत नाही आणि माहीत व्हायचा काही मार्ग नाही. धोका दोघांनाही आहे, कदाचित टपावरच्याला जास्तच. पण त्याच्याजवळ निदान वाकायची संधी आहे. तिची ती संधी कुणीतरी न विचारता काढून घेतली. माझा आक्षेप धोक्याच्या आकाराला कमी आणि या लपवण्याला जास्त आहे.

आणि हा आक्षेप माझा शोध नाही. हम्मुराबीच्या संहितेत, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात, घर बांधणाऱ्याचं घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड आहे. निकाल वाईट, तर शिक्षा, सरळ हिशेब. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं चौथं अधिकरण कारागिरांपासून लोकांचं रक्षण कसं करावं इथूनच सुरू होतं. विणकर, धोबी, सोनार आणि वैद्यसुद्धा तिथे एकाच रांगेत आहेत. त्यात वैद्यासाठी एक बारकावा आहे: जिवावर बेतू शकेल असा उपचार त्याने आधी न कळवता केला आणि रोगी दगावला, तर त्यासाठी दंड आहे, आणि उपचारच चुकला म्हणून दगावला तर त्याचा दंड वेगळा, मोठा. म्हणजे न कळवणं हा स्वतंत्र अपराध धरला आहे. हात चांगला असला तरी. मला हे वाचून आमच्या गावातल्या वायरमनपासून डॉक्टरपर्यंत सगळे डोळ्यांपुढे आले. बोलणं हाही कामाचाच भाग आहे असं मानणारे किती, मोजून बघा.

तिसरा मुद्दा, ‘मी नाही तर दुसरा करेल’, हा जगातल्या अर्ध्या वाईट कामांचा परवाना आहे. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने १९७३ मध्ये त्याच्यावर एक उदाहरण रचलं. जॉर्ज नावाचा रसायनशास्त्रज्ञ, नोकरी नाही, घरी लहान मुलं. त्याला रासायनिक शस्त्रांच्या प्रयोगशाळेत काम मिळतंय. त्याचा त्याला विरोध आहे, पण त्याने नाकारलं तर जागा अशा माणसाला जाईल जो ते काम जास्त जोमाने करेल. नुसता परिणामांचा हिशेब केला तर जॉर्जने नोकरी घ्यावी. विल्यम्सचं म्हणणं होतं की या हिशेबातून जॉर्ज नावाचा माणूसच गळून जातो. तो फक्त एक नळ उरतो, ज्यातून परिणाम वाहतात. मला जॉर्जइतकं मोठं संकट नव्हतं. समोर एक पिन आणि एक नेलकटर होतं. तरी वडशाच्या त्या पोऱ्याचं नाव ऐकल्यावर क्षणभर वाटलं की त्याच्यापेक्षा मी जरा बऱ्या पद्धतीने पिन तोडू शकेन. हीच ती उतरण. ‘तो करणारच आहे’ हे त्याच्याबद्दलचं भाकीत आहे, माझ्या हाताला मिळालेली परवानगी नाही.

मग केलं काय? चौथ्या चॅनेलचे मेलेले ट्रान्झिस्टर आणि तो रेझिस्टर काढून टाकला, त्या चॅनेलच्या आउटपुटच्या स्क्रूंवर इन्सुलेशन टेप लावली. पुन्हा बल्बमधून वीज दिली. हिरवा दिवा लागला. पुढच्या दोन चॅनेलच्या आउटपुटवर मीटरने काही मिलिव्होल्टच दाखवले, म्हणजे तिथे सगळं स्वच्छ होतं. प्रोटेक्ट जसाच्या तसा. भावाच्या डिकीतल्या स्टेपनीशेजारच्या डब्यात फ्यूज सापडला नाही, बाजारात सापडला. तो माझ्यासमोर लावून घेतला आणि तारेचा तो तुकडा माझ्या डब्यात टाकला.

थोडक्यात, त्याला गाणं मिळालं, बास मिळाला नाही. “बासशिवाय गाणं म्हणजे मिठाशिवाय भाजी,” असं म्हणत तो गेला. चेहरा काही फार खूश नव्हता. मंडईत त्याच्या गाडीला मित्रांनी ‘आकाशवाणी’ नाव ठेवलं. (आईने मात्र त्या आवाजाचं तोंड भरून कौतुक केलं, आणि हे असंच राहू दे म्हणाली.) हेसुद्धा अर्धवटच काम होतं, तात्पुरतंच. पण हा तात्पुरतेपणा स्वतःची जाहिरात करत होता. बास नाही हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ऐकू येत होतं. तो पार्ट यायची वाट रोज बघत होता. फ्यूजमधल्या तारेची वाट कुणी बघितली नसती.

पार्ट आले, अर्थातच आधी सडक अर्जुनीला जाऊन. जोडी बदलली, रेझिस्टर बदलला, बास स्पीकरची वेटोळी समांतरऐवजी एकामागे एक जोडून घ्यायला लावली. ४ अधिक ४, ८ ओम. आवाज आधीपेक्षा थोडा कमी, पण अ‍ॅम्पचं अंग आता हाताला सोसवतं.

या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका भलत्याच गोष्टीत. पॉवर सप्लायचा कारभार बघणारी एक चिप असते. पुष्कळ कार अ‍ॅम्पमध्ये ती टीएल४९४ असते आणि तिची माहिती कुणालाही मिळते. पण प्रोटेक्टच्या भागातल्या एका चिपवरचा नंबर कारखान्यातच घासून काढलेला होता. सर्किटचा नकाशा कुठे मिळत नाही. असं करणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, आणि त्यांचं म्हणणं असतं की अननुभवी माणसाने आत हात घालू नये, धोक्याचं आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू झालं, शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात धरली. हक्काच्या बाजूने मी शंभर टक्के आहे. ज्या माणसाला नकाशा मिळत नाही तो पिन तोडायचा व्हिडिओच बघणार. नंबर घासणाऱ्याने त्याला दुसरा रस्ता ठेवलेला नाही. धोक्याचं कारण पुढे करून माहिती लपवायची, आणि लपवल्यामुळे धोका वाढवायचा. कौटिल्याला हा कारागीर कुठल्या दंडात बसवावा लागला असता कोण जाणे.

पण हक्क मिळाला की दुरुस्ती करणाऱ्याकडूनही काही मागितलं जाणार, आणि ते मागायला कुठलं पोर्टल नाही. माझ्यानंतर हा अ‍ॅम्प कोण उघडेल मला माहीत नाही. त्याला माझ्यासारखंच अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून मी झाकणावर मार्करने लिहायला घेतलं: चॅनेल ४ आउटपुट जोडी बदलली, महिना, साल, ब्रिजवर ४ ओमच्या खाली लावू नये.

भावाने हात धरला. “झाकणावर नको लिहू ना ताई. उद्या विकाचा म्हटलं तर भाव पडते.”

भाव खरंच पडतो. उघडलेल्या, सोल्डर लागलेल्या वस्तूला बाजारात कमी पैसे मिळतात, मग ती न उघडलेल्या वस्तूपेक्षा धड का असेना. मी लिहिलं, पण झाकणाच्या आतल्या बाजूला. त्याने मान डोलावली. आतलं कोण वाचतं? मी म्हटलं, जो दुरुस्त करायला उघडेल तो वाचेल, आणि ते त्याच्यासाठीच आहे. विकत घेणारा झाकण उघडून बघत नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. विकायची वेळ येईल तेव्हा तोंडाने सांगशील का, असं मी त्याला विचारलं. तो स्क्रू घट्ट करत होता. “पाहू,” म्हणाला, “गिऱ्हाईकानं विचारलं तं सांगीन.”